दोन मारुतींमधली वस्ती

माघ सरत आला की सोलापुरातल्या आमच्या विजापूर रोडच्या घराखालून कडब्यानं भरलेले ट्रॅक्टर जायला लागतात. दोन्ही अंगांनी बाहेर आलेला कडबा झाडांना, विजेच्या खांबांना घासत जातो आणि मागं रस्त्यावर वाळल्या पाचोळ्याची रेघ राहते. त्यातलं एखादं पान वाऱ्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत येऊन पडतं. ते मी उचलते, चुरगाळून वास घेते आणि त्या दिवसापासून मला घरात बसवत नाही. उगाच गच्चीवर जाऊन येते, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेते. सून म्हणते, "आई, बसा की जरा. सकाळपासून तुमचं आत-बाहेर चाललंय." एकदा तिनं मला डॉक्टरकडेही नेलं. त्यांनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, सगळं जिथल्या तिथं निघालं. सुगी आली की अंगात वारं शिरतं, हे त्यांच्या यंत्रात दिसत नसावं.

सुगी म्हणजे आमच्याकडची शाळू ज्वारीची काढणी आणि मळणी. दुसरीकडच्या लोकांना पावसाळ्याचं कौतुक असतं, असू दे. आमचा ऋतू हाच. थंडी हटलेली असते, ऊन अजून चावायला लागलेलं नसतं आणि रानातलं उभं पीक दिवसभर सळसळत असतं. हिरवी ज्वारी गप्प असते, वाळलेली बोलते. त्या आवाजात जीव थाऱ्यावर राहत नाही. सारखं वाटतं, पलीकडून कुणीतरी येतंय. मान वर करून बघावं तर कुणी नसतं, आणि पुन्हा खाली वाकलं की पुन्हा तेच.

गावं कशी वसली याच्या मोठमोठ्या गोष्टी सांगतात. कुणाच्या स्वप्नात देव येतो, कुणाला राजा इनाम देतो. आमची वस्ती चिमण्यांनी वसवली. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची, ते खळ्यावर बसून हे मोठ्या अभिमानानं सांगायचे, "आमचा आजा पाखरं हाकायला आला आन् ऱ्हायला. कुनी बोलिवलं न्हाय, कुनी घालिवलं न्हाय." त्या आज्याची जमीन गावापासून लांब, पार शिवेवर होती. कणसात दाणा भरला की चिमण्यांचे थवे उतरायचे. म्हणून तो गोफण घेऊन राखणीला आला, कडब्याची खोप घातली, प्यायला म्हणून आड खणला. आडाला गोड पाणी लागलं. पुढच्या सुगीला तो बायकोला घेऊन आला. बांधाच्या पलीकडं दुसऱ्या गावची हद्द सुरू व्हायची. तिकडच्या शेतकऱ्यांनी हे गोड पाणी बघितलं आणि त्यांनीही आपल्या खोपी बांधाला आणून भिडवल्या. खोपींची घरं झाली, पण तो बांध तसाच राहिला, वस्तीच्या मधून गेलेला.

दोन्ही गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडं आता आमचे सोयरे आहेत आणि या वयात मला कुणाशी भांडण नको. एकाला ओढ्याकडचं गाव म्हणू, दुसऱ्याला माळाकडचं. ओढ्याकडचे लोक आम्हाला वरली वस्ती म्हणायचे, माळाकडचे खालची वस्ती. आम्ही स्वतःला नुसतं वस्ती म्हणायचो. वेस नाही, पार नाही, चावडी नाही आणि सगळ्यात मोठं म्हणजे मारुती नाही. सुगीला खळ्यावर रास पडली की आपला वाटा मागायला दोन्ही गावांचे न्हावी हजर व्हायचे. एरवी वर्षभर दाढी वाढलेला माणूस दोन गावांच्या मधे हेलपाटे घालायचा, कारण हा म्हणे तू त्यांचा आणि तो म्हणे तू ह्यांचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तर मुकादमानं गाव विचारलं. बांधाच्या अलीकडचे एका कामावर गेले, पलीकडचे दुसऱ्या. संध्याकाळी परतल्यावर एकाच चुलीवर आम्ही रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापायचो आणि आपापल्या मुकादमाला शिव्या द्यायचो.

मी मंद्रूपची. मंद्रूपला आठवड्याचा बाजार भरतो, शाळा आहे, एसटी थांबते, दुकानात रंगीत रिबिनी मिळतात. दुष्काळाच्या आदल्या साली लग्न होऊन मी बैलगाडीतून उतरले आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "गाव कुठंय?" ते म्हणाले, "हेच की." मला वाटलं चेष्टा करताहेत. चार-दोन दिवस मी खरोखर वाट बघितली, की पाहुणचार संपला की आता आपल्याला गावात नेतील. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मामा, हे, आणि माझी नणंद गोदा. ती माझ्याहून थोडी लहान, काळीसावळी, उंच, बोलायला फटकळ. मी बाजाराच्या गावची म्हणून पहिल्यांदा तिला माझा धाक होता. तो फार दिवस टिकला नाही.

आता सांगते ती दुष्काळानंतरची पहिली भरलेली सुगी. तसं पीक मी त्यानंतर बघितलं नाही. दोन वर्षं उपाशी राहिलेल्या जमिनीनं सगळं एकदम बाहेर काढलं होतं. माणसाच्या डोक्याच्या वर ज्वारी, वर हातात न मावणारी कणसं. पण सुख म्हणाल तर कुणाच्या तोंडावर नव्हतं. अवकाळी पडेल, गारा येतील, रात्रीत कुणी कणसं खुडून नेईल, अशी सगळ्यांना धास्ती. माणसं जेवताना उभी राहून जेवायची. बैलसुद्धा मळणीत थांबेनात, खळ्याच्या मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती आपले फिरतच राहायचे. आणि माझी घाई वेगळीच होती. ह्यांना सोलापुरात एका गिरणीत काम लागणार असा निरोप आलेला. सुगी उरकायची, नणंदेचं लग्न उरकायचं आणि निघायचं. पत्र्याची ट्रंक मी आधीच भरून ठेवली होती. रोज एकदा उघडून बघायची आणि परत बंद करायची.

गोदाचं लग्न अक्कलकोटच्या बाजूला ठरलं होतं. नवरा मुलगा शेतकरी, घरी कानडी बोलणारा, मराठी जपून बोलणारा. स्थळ चांगलं होतं. पण गोदाच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती तिनं मला कणसं मोडताना सांगितली. दुष्काळाच्या आधी बांधापलीकडच्या तिच्या चुलतबहिणीचं लग्न झालं होतं. आमच्याकडं नवरदेवानं आधी गावच्या मारुतीला जायचं, मुलीकडच्यांनी तिथं जाऊन वाजतगाजत त्याला मांडवात आणायचं. वस्तीला मारुती नाही, म्हणून तो वऱ्हाड घेऊन माळाकडच्या गावात उतरला. तिथल्या लोकांनी त्याला ओवाळलं, पानसुपारी केली, गावभर मिरवलं. वस्तीवरच्या मांडवात तो आला तेव्हा दिवे लागले होते, खीर करपली होती आणि नवरी खांबाला टेकून झोपी गेली होती.

"माज्या लग्नात आसलं चालायचं न्हाय," गोदा म्हणाली. "दुसऱ्याच्या गावात मिरवून मिरवून शिळा झालेला नवरदेव मला नगं. दिवसाउजेडी आला पायजे, माज्या दारात."

मी हसून म्हणाले, "तुझं दार कुठल्या गावात आहे ते तरी सांग आधी."

आमचं घर नेमकं बांधावर होतं. चूल ओढ्याकडच्या हद्दीत आणि दार माळाकडच्या. मी आपलं गमतीनं बोलले, पण तिला ते लागलं. सूर्य मावळेपर्यंत ती नुसती कणसं मोडत राहिली. तिला उद्या सासरी कुणी विचारणार, माहेर कुठलं? आणि सांगायला तिच्याजवळ नाव नव्हतं. माझ्याजवळ मंद्रूप होतं. ते असल्याचा माणसाला किती माज असतो, हे नसणाऱ्यालाच कळतं.

लग्नाची पहिली अक्षत गावच्या मारुतीला द्यायची पद्धत. जिथं अक्षत पडते तिथं नवरदेव उतरतो. मामा अक्षत घेऊन सकाळी निघाले. आधी ओढ्याकडच्या गावात गेले, कारण आमचा सातबारा त्या गावचा. मारुतीपुढं अक्षत ठेवली, जाणत्या लोकांना मानाचा नारळ दिला. दुपारी माळाकडच्या गावात गेले, कारण लग्नाच्या पंगतीची मोठी पातेली तिथल्या पाटलांच्या घरून यायची. तिथं पाटील मामांना म्हणाले, "तात्या, दार आमच्या शिवंत हाय. नवरदेव आमच्याच मारुतीला उतरंल न्हवं?" मामा म्हणाले, "व्हय की." आणि तिथंही अक्षत ठेवून आले.

ही चूक फक्त आमच्या वस्तीवरचा माणूस करू शकतो. दोन गावांच्या मधे जन्म गेलेल्याला नाही म्हणता येत नाही. ह्यांचं पाणी लागतं, त्यांची पातेली लागतात, ह्यांचा रस्ता, त्यांचा सुतार. मग तो दोघांनाही व्हय म्हणतो आणि मनाशी म्हणतो, बघू पुढचं पुढं. मामांना वाटलं, नवरदेवाला दोन्हीकडं थोडा थोडा फिरवू. सोयऱ्यांना त्यांनी निरोप धाडला, "मारुतीपाशी उतरा." कुठल्या, ते सांगायचं राहून गेलं.

लग्नाच्या दिवशी वारा सुटला होता. मांडवावर घातलेले कडब्याचे पेंढे फडफडत होते, भुसा उडून हुग्गीच्या पातेल्यात पडत होता. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, तिला सारखं ढवळावं लागतं. मी ढवळत होते आणि सारखी वाटेकडं बघत होते. दोन वर्षांची तटलेली लग्नं त्या एका सुगीत निघालेली, त्यामुळं वाजंत्र्यांना दुपारी दुसरीकडं जायचं होतं. ते आल्यापासून ऊन मोजत होते. पाटलांना शब्द दिलेला, म्हणून वस्तीवरचे सगळे पुरुष त्यांना घेऊन आधी माळाकडच्या मारुतीला गेले. गेले ते गेले. सावल्या आखडत पायाशी आल्या, परत लांबायला लागल्या. मुहूर्त टळला. मांडवात बायका, पोरं आणि हळदीची पिवळी साडी नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली गोदा. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

मग दोन्ही दिशांनी बातम्या आल्या. अक्कलकोटकडून येणाऱ्यांना वाटेत ओढ्याकडचं गाव आधी लागतं. वऱ्हाड तिथल्या मारुतीपाशी सकाळपासून बसून होतं आणि न्यायला काळं कुत्रंही आलं नव्हतं. नवऱ्या मुलाचा चुलता तापला होता. त्याचा निरोप आला की आमाला भिकारी समजला काय, बैलं जुपतो आता. इकडं माळाकडच्या गावानं सांगितलं, आमच्या मारुतीला अक्षत देऊन नवरदेव दुसऱ्या मारुतीपासून आणणार असाल तर आम्ही मांडवात पाय ठेवणार नाही, आणि आमची पातेली परत द्या.

"खिरीसकट?" मी निरोप्या पोराला विचारलं.

मामा आणि हे धापा टाकत परत आले आणि मामा बांधावर बसले. फेटा काढून मांडीवर घेतला. लग्नघरच्या माणसाचं उघडं डोकं मी पहिल्यांदा बघितलं आणि मला भडभडून आलं. त्या म्हाताऱ्यानं कुणाचं वाईट केलं नव्हतं. सगळ्यांना बरं वाटावं एवढंच बघितलं होतं. वर आता कुणाकडं जावं हे त्यांना कळेना. ओढ्याकडं गेलं तर माळाकडचं गाव तुटणार, नाही गेलं तर लेकीचं लग्न मोडणार. हे माझ्यावरच ओरडले, "तू काय बघत उभी ऱ्हायलीस?" करायला काही नसलं की पुरुष बायकोवर ओरडतो, त्यातलाच तो प्रकार.

गोदा उठली. "वैनी, चला."

"कुठं?"

"न्यायाला."

ती चालायला लागली, तीही वाटेनं नाही, सरळ रानातून. ज्वारी उपटून मोकळं झालेलं काळं रान, पायाखाली ढेकळं, भेगा, आणि त्यातून ती पिवळी साडी तरातरा चाललेली. मांडव सोडून गेलेली नवरी कुणी बघितली नव्हती, त्यामुळं अडवावं कसं हेही कुणाला सुचलं नाही. मी मागून पळत सुटले. मनात म्हणत होते, काय हे लोक, काय ही वस्ती, कधी एकदा इथून सुटते. वाऱ्यानं डोळ्यांत माती जात होती.

ओढ्याकडच्या मारुतीपुढं वऱ्हाड बसलं होतं. बैल खरंच जुंपायला घेतले होते. नवरदेव पायरीवर, बाशिंग बांधलेला, घामानं निथळलेला. समोरून नवरी येताना बघून तो उठून उभा राहिला, मग बसावं की उभं राहावं हे न कळून तसाच अर्धवट वाकून राहिला.

गोदानं आधी मारुतीला हात जोडले. मग मुंडावळ्या कानामागं सारून चुलत्याला म्हणाली, "मामंजी, चला. घर हितनं दिसतंय."

चुलता म्हणाला, "नवरी कवा न्यायाला येती व्हय कुटं?"

"आमच्यात येती."

"तुमच्यात म्हंजी?"

"आमच्या गावात. रीतच हाय आमची. नवरी सोता जाऊन नवरदेवाला दारात आनती. तुमाला कुनी सांगिटलं न्हाय व्हय?"

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. चुलत्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं वळला. "व्हय का वो बाई?"

सगळं वऱ्हाड माझ्याकडं बघत होतं, ओढ्याकडचे लोकही. त्यांना पक्कं ठाऊक होतं की असली रीत बिलकुल नाही. गोदा मात्र माझ्याकडं बघत नव्हती. तिनं मान ताठ ठेवून समोरच्या शेंदराकडं डोळे लावले होते, आणि पाठीमागं धरलेल्या हातानं पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"व्हय की," मी म्हणाले. "आमच्या गावात पयल्यापास्नं आशीच रीत हाय."

मंद्रूपचं माझं शुद्ध बोलणं त्या वेळी कुठं गेलं कोण जाणे. आमचं गाव हे शब्दही माझ्या तोंडून त्या वस्तीसाठी पहिल्यांदाच निघाले. चुलत्यानं मिशीवरून हात फिरवला. आमच्या भागात माणसाशी भांडता येतं, पाटलाशी भांडता येतं, वेळ आली तर सरकारशीही. रीत म्हटल्यावर माणूस खाली बसतो. तो गाडीवानाला म्हणाला, "सोड बैलं. चालत जाऊ."

माळाकडच्या पाटलांनाही तेच लागू पडलं. नवरदेव दुसऱ्या मारुतीपासून वाजतगाजत आला असता तर त्यांचा अपमान होता. नवरीनं स्वतः जाऊन आणला, त्यात ह्या मारुतीचाही मान नाही आणि त्याचाही नाही. "रीतच हाय म्हनल्यावर आमी काय बोलनार," असं म्हणून ते पंगतीला बसले. दोन्ही गावांची माणसं बांधाच्या दोन्ही अंगांना बसून एकाच पातेल्यातली हुग्गी जेवली. लग्न दिवसाउजेडी, गोदाच्या दारात लागलं. वाजंत्री केव्हाच निघून गेले होते, म्हणून पोरांनी परातींवर ताल धरला. मामांनी फेटा पुन्हा बांधला होता, जरा वाकडा.

आणि संध्याकाळी गोदा गाडीत बसून गेली. ज्या दारासाठी तिनं एवढं केलं, त्या दारात ती लग्नाची नवरी म्हणून किती वेळ उभी होती? पंगती उठेपर्यंत.

पुढची गंमत अशी की खोटी रीत खरी करावी लागते. पुढच्या सुगीत बांधापलीकडच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा सोयऱ्यांनीच विचारलं, तुमच्याकडं नवरी न्यायला येते ना? नाही कसं म्हणणार. मग तिच्यासोबत जायला अनुभवी बाई हवी, म्हणून मी. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. हे सोलापुरात गिरणीत लागले, सुट्टीच्या दिवशी यायचे. मी दर वेळी म्हणायची, एवढं लग्न झालं की येते, एवढी सुगी झाली की येते. मामा थकले, पोरं झाली, रान बघायला कुणी नव्हतं. ट्रंक भरलेलीच होती, पण त्यातल्या साड्या एकेक करून मी वस्तीवरच नेसून फाडल्या. मला तिथं करमलं, असं मात्र कुणी समजू नये. आयुष्यभर मी पायाला भिंगरी लावून त्या एकाच जागेवर फिरत राहिले.

नाव कधी पडलं तेही कळलं नाही. बाजारात लोक विचारायचे, कुठली वस्ती, तर उत्तर यायचं, ती गोदा नवऱ्याला न्यायला गेली होती ती. हळूहळू मधले शब्द गळाले. डांबरी रस्ता झाला, एसटी थांबायला लागली, कंडक्टर ओरडायला लागला, "गोदावस्ती." आता तिथं ज्वारी कमी झाली, ऊस आलाय. पोरं पुण्याला, आमच्यासारखी म्हातारी शहरात पोरांकडं. लग्नं मंगल कार्यालयात होतात आणि तिथल्या गर्दीत कोण कुणाला आणायला गेलं, कुणाला दिसत नाही.

परवाच्या सुगीत गोदा माझ्याकडं आली होती. तिचे गुडघे गेलेत, फटकळपणा आहे तसा आहे. दोघी गॅलरीत बसलो होतो. खालून कडब्याचा ट्रॅक्टर गेला. ती उठली, मी उठले. सुनेला सांगितलं, जाऊन येतो, आणि दुपारची एसटी धरली. कंडक्टर कोवळा पोरगा, त्या रस्त्याला नवीनच लागलेला. मी म्हणाले, "गोदावस्ती, दोन."

तिकिटं फाडून देता देता तो म्हणाला, "आजी, तुमी तिकडल्याच दिसताय. कोन वो ही गोदा? देवी हाय काय तितली?"

गोदा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नुसता ऊस होता.

"देवी न्हाय," ती म्हणाली. "हुती कुनाची तरी लेक. ऱ्हायली न्हाय तितं."

मी राहिले, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.